यंत्र हुशार, पण शिकलं कुणाकडून?

संक्रांतीनंतरची गोष्ट. तालुक्याच्या गावी आमच्या आरोग्य गटाची बैठक होती. शेतमजूर बाया, घरकाम करणाऱ्या, दोन अंगणवाडीताई, चार आशाताई आणि एक निवृत्त नर्सबाई अशा आम्ही तीसेक जणी सतरंजीवर बसलो होतो. एका संस्थेकडून दोन तरुण मुलं आली होती. मुलं चांगली होती, नम्र होती. त्यांनी मोबाइलवर एक नवी सोय दाखवली. आपण मराठीत आपला त्रास सांगायचा, मोबाइल मराठीत प्रश्न विचारतो आणि शेवटी काय झालं असावं, काय करावं ते सांगतो. "ही कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, मावशी. हजारो डॉक्टरांचं ज्ञान आहे यात," असं त्यातला एक जण म्हणाला.

पुढे बसलेल्या एका मावशींनी हौसेनं फोन हातात घेतला. वय पन्नाशीच्या आत-बाहेर, रोज खुरपणीला जाणाऱ्या. म्हणाल्या, "दम लागतो, हातपाय गळतात, उठलं की चक्कर येते." फोननं विचारलं, त्रास किती आहे ते एक ते दहामध्ये सांगा. मावशी विचारात पडल्या. "कामाला तर रोज जाते. मग दोन म्हण." फोननं सल्ला दिला: त्रास सौम्य आहे, पुरेशी विश्रांती घ्या, भरपूर पाणी प्या, सकस आहार घ्या.

सगळ्या हसल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "विश्रांती कुठल्या दुकानात मिळते तेबी विचार गं!"

नर्सबाई मात्र हसल्या नाहीत. त्या उठल्या, मावशींना दाराशी उजेडात नेलं, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, जीभ पाहिली, नखं पाहिली. मग कानाशी वाकून दोन प्रश्न विचारले. दुसऱ्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सहा. महिन्यातले दहा-बारा दिवस अंगावर जात होतं, तेही वर्षभर. हे मावशी फोनला बोलल्या नव्हत्या, कारण समोर दोन परके मुलगे बसले होते आणि फोननं ते विचारलंही नव्हतं.

पुढच्या बैठकीला ती मुलं परत आली तेव्हा मावशींनी त्यांना एकच प्रश्न केला. "पोरांनो, हे यंत्र शिकलं कुणाकडून? माझ्यावानी बाईचं दुखणं त्यात कुणी घातलंय का?"

मुलांकडे उत्तर नव्हतं. हा लेख मावशींच्या त्या प्रश्नावर आहे, कारण आज सरकार, कंपन्या, मोठी रुग्णालयं सगळेच सांगताहेत की आरोग्यसेवेतला पुढचा मोठा बदल हाच. तो आपल्या अंगावर येण्याआधी आपण त्याला नीट प्रश्न विचारायला हवेत.

यंत्र शिकतं म्हणजे काय होतं?

अवघड शब्दांनी घाबरवून बाईला गप्प बसवण्याची पद्धत जुनीच आहे. म्हणून आधी हे साध्या शब्दांत समजून घेऊ. संगणकात लाखो जुन्या नोंदी भरतात. केस पेपर, रक्ताचे अहवाल, एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या, बिलं. प्रत्येक नोंदीबरोबर डॉक्टरांनी काय निदान केलं होतं तेही भरतात. या ढिगातून संगणक सारखेपणा हुडकून काढतो. अशी लक्षणं होती तेव्हा असं निदान झालं होतं, छातीच्या फोटोत अशी सावली होती तेव्हा क्षय निघाला होता. पुढचा रुग्ण आला की त्याच मापानं तो मोजला जातो. लेकरू घरात जे ऐकतं तेच बोलायला शिकतं, तसं हे यंत्र दवाखान्यात जे लिहिलं गेलं तेच शिकतं. जे लिहिलंच गेलं नाही, ते त्याच्या लेखी घडलेलंच नाही.

आता सांगा, बाईचं दुखणं दवाखान्यात कितीसं लिहिलं जातं? घरातल्या सगळ्यांची दुखणी निपटली की मग ती आपलं दुखणं काढते. दवाखान्यात गेली तरी सोबत नवरा नाहीतर सासू, आणि बोलतात तेच. डॉक्टर दोन मिनिटं बघतात आणि लिहितात, अशक्तपणा. किंवा गॅस. किंवा मनाचं आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. जिथे निम्म्या बायकांचा थकवा हा नेहमीचाच, तिथे थकवा लिहून कोण ठेवणार?

ही गोष्ट एकट्या आपल्या दवाखान्यांची नाही. ज्या वैद्यकशास्त्राचा एवढा दरारा आहे, त्याचा पायाच पुरुषाच्या शरीरावर घातलेला आहे. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी १९७७ मध्ये सूचना काढली होती की मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना नव्या औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळावं. सरकारी पैशानं होणाऱ्या वैद्यकीय संशोधनात स्त्रियांचा समावेश करायलाच हवा असा कायदा तिथे व्हायला १९९३ साल उजाडलं. त्यामुळे हजारो डॉक्टरांचं ज्ञान यंत्रात भरलंय असं कुणी अभिमानानं सांगितलं, तर आपण विचारावं की त्या ज्ञानात आम्ही कुठे आहोत?

याचं एक उदाहरण आंध्र प्रदेशातलं आहे. तिथे गोळा झालेल्या यकृताच्या तपासणीच्या ५८३ नोंदी जगभरच्या संशोधकांना खुल्या आहेत. यकृताचा आजार ओळखायला संगणकाला शिकवायचं तर अनेक जण याच नोंदी वापरतात. या ५८३ मध्ये पुरुष ४४१ आणि स्त्रिया १४२. म्हणजे चारात एक बाई. या नोंदींवर तयार झालेली गणितं चांगलं काम करतात असं छापून येत होतं. २०२२ मध्ये लंडनमधल्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी स्त्रियांचा आणि पुरुषांचा निकाल वेगवेगळा काढला. आजारी पुरुषांपैकी २३ टक्के यंत्राच्या नजरेतून सुटत होते. आजारी स्त्रियांपैकी ४४ टक्के सुटत होत्या. जवळजवळ दुप्पट! तोवर हे दिसलं नव्हतं, कारण सगळ्यांची मिळून एकच सरासरी मांडली जात होती. सरासरीच्या पांघरुणाखाली बाईचं मरण असं झाकलं जातं.

खर्च नाही म्हणजे आजार नाही?

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. तिथली रुग्णालयं आणि विमा कंपन्या एक संगणकप्रणाली वापरत होत्या. लाखो रुग्णांपैकी कुणाला जास्तीची देखभाल द्यावी हे ती ठरवायची. रुग्ण गोरा की काळा ही माहिती तिला दिलेलीच नव्हती. मग भेदभाव होईलच कसा, असं कुणालाही वाटेल. पण २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं दाखवून दिलं की यंत्राच्या लेखी सारखेच आजारी ठरलेल्यांमध्ये कृष्णवर्णीय रुग्ण प्रत्यक्षात जास्त आजारी होते. कारण काय? यंत्र आजार मोजतच नव्हतं. रुग्णावर किती पैसा खर्च झाला त्यावरून तो किती आजारी असेल हे ते ठरवत होतं. ज्यांना दवाखान्यात नीट उपचारच मिळत नाहीत त्यांच्यावर खर्च कमी, आणि खर्च कमी म्हणून ते यंत्राच्या मते धडधाकट! गणित दुरुस्त केलं असतं तर जास्तीच्या देखभालीसाठी निवडलेल्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण सुमारे १८ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांवर गेलं असतं.

हे वाचताना मला आपली घरं आठवली. मुलाला ताप आला तर रात्री रिक्षा करून शहरात नेतात. सुनेला ताप आला तर मेडिकलमधून गोळी आणतात. म्हातारीला ताप आला तर 'वय झालं' म्हणतात. कुणाच्या दुखण्यावर पैसा खर्च होतो आणि कुणाच्या नाही, हा तर आपल्या घराघरातला जुना हिशोब. उद्या विम्याच्या दाव्यांवरून किंवा दवाखान्याच्या बिलांवरून कुणी आपल्याकडे असंच यंत्र शिकवलं, तर ते काय शिकेल? बाई सहसा आजारी पडत नाही, हेच शिकेल. आणि दलित, आदिवासी, मुसलमान वस्तीतली बाई तर त्याला दिसणारच नाही.

चुकीचा धडाही धडाच

कुणी म्हणेल, मग बायकांच्या नोंदी वाढवा, प्रश्न सुटला. तेवढ्यानं सुटत नाही. बीड जिल्हा आठवा. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्या जात असल्याचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि सरकारला समिती नेमावी लागली. त्या वेळच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीचा त्रास म्हणजे कामाला खाडा, खाडा म्हणजे मुकादमाचा दंड. त्यात अंगावरून पांढरं जातंय म्हणून गेलेल्या बाईला कॅन्सरची भीती घालून टेबलावर घेणारे दवाखाने. पंचविशी-तिशीतल्या बायकांचं शरीर असं रिकामं केलं गेलं.

या सगळ्या नोंदी कागदावर आहेत. लक्षण लिहिलेलं आहे, निदान लिहिलेलं आहे, शस्त्रक्रिया लिहिलेली आहे, सगळं रीतसर. अशा दवाखान्यांचे केस पेपर यंत्रापुढे ठेवले तर यंत्र काय शिकेल? बाई तिशीतली, दोन लेकरं झालेली, पांढरं जातंय, कंबर दुखतेय, तर पिशवी काढा. डॉक्टरांनी काय केलं एवढंच त्याला कळतं. काय करायला हवं होतं आणि कुणी पैशासाठी काय केलं, हे त्या कागदावर नसतं. आज एका डॉक्टरचा लोभ निदान त्याच्या दवाखान्यापुरता आहे. यंत्रात शिरला की तो जिल्ह्याजिल्ह्यांत पोचेल आणि वर शास्त्राचा शिक्का घेऊन पोचेल. बाईनं शंका काढली तर उत्तर तयार असेल, "मी नाही म्हणत बाई, संगणक म्हणतोय."

लिहिण्यातला दुजाभाव कसा चालतो हे २०२५ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या एका अभ्यासात दिसलं. इंग्लंडमध्ये वृद्धांची देखभाल करणारे सरकारी कर्मचारी भेटीच्या लांबलचक नोंदी लिहितात. त्यांचा सारांश काढायला आता भाषेची यंत्रं वापरली जातात. संशोधकांनी खऱ्याखुऱ्या नोंदी घेतल्या आणि प्रत्येकीत फक्त बाईचा पुरुष आणि पुरुषाची बाई केली. बाकी शब्दाला शब्द तोच. गूगलच्या 'जेमा' नावाच्या मॉडेलनं पुरुषाच्या सारांशात अपंगत्व, असहायता, गुंतागुंतीचा आजार असे शब्द जास्त वापरले. बाईच्या सारांशात तीच दुखणी सौम्य झाली किंवा गळूनच गेली. ती कशी सगळं निभावून नेते असा सूर लागला. सारांश वाचून कुणाला किती मदत द्यायची ते ठरतं, म्हणजे मदतही बाईला कमीच. ओळखीचं वाटतं ना? आपल्या मावशी स्वतःच्या दुखण्याला दहापैकी दोन देतात आणि यंत्रही त्यांना दोनच देतं. त्याच अभ्यासात दुसऱ्या एका कंपनीच्या मॉडेलमध्ये असा फरक आढळला नाही. म्हणजे हा दुजाभाव अटळ नाही. कुणी तपासलं तर सापडतो आणि टाळताही येतो. तपासायला भाग पाडणं हे आपलं काम.

यंत्र तटस्थ असतं, हे आपण आधीही ऐकलंय

"यंत्राला काय कळतंय बाई आणि पुरुष? ते तटस्थ असतं." हे वाक्य ऐकलं की आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांचे कान टवकारतात. गर्भजल परीक्षेच्या वेळी आणि पुढे सोनोग्राफीच्या वेळी हेच सांगितलं गेलं. यंत्र चांगलं आहे, गर्भातले दोष कळतात, दुरुपयोग करणारे चार जण वाईट. ते चार जण पुढे किती झाले ते आपण पाहिलं. १९८० च्या दशकात मुंबईत स्त्री संघटना आणि आरोग्य कार्यकर्ते एकत्र आले, महाराष्ट्रानं १९८८ मध्ये देशातला पहिला गर्भलिंगनिदानविरोधी कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला. तरीही महाराष्ट्रात शून्य ते सहा वयातल्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेत ९४६ होती, ती २००१ मध्ये ९१३ झाली आणि २०११ मध्ये ८९४. कायदा आला तोवर यंत्र गावोगाव पोचलेलं होतं. ज्या समाजात मुलगी नकोशी, तिथे यंत्र तटस्थ राहत नाही. त्या वेळी आपल्याला उशीर झाला होता. या वेळी तो होऊ देऊ नये.

मग यंत्र नकोच का?

आपल्यातल्या काही मैत्रिणींचं म्हणणं आहे की हे सगळं बंदच करा. मला ते पटत नाही. क्षयरोगाचंच घ्या. छातीचा फोटो वाचायला रेडिओलॉजिस्ट तालुक्यालाही मिळत नाही. तिथे एक्स-रे वाचून संशयित रुग्ण वेगळे काढणाऱ्या संगणकाला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये पंधरा वर्षांवरच्या सगळ्यांसाठी मान्यता दिली. खोकत खोकत वर्ष काढणारी बाई त्यामुळे लवकर औषधाला लागणार असेल तर ते यंत्र यावं. स्वीडनमध्ये ८० हजार स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे पहिले निष्कर्ष २०२३ मध्ये आले. स्तनाच्या कॅन्सरसाठीचे एक्स-रे वाचताना यंत्राची मदत घेतल्यावर डॉक्टरांचं वाचण्याचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं आणि कॅन्सर ओळखण्यात कमतरता आली नाही. पण तिथे काय काय होतं ते पाहा. दर दीड-दोन वर्षांनी बाईला तपासणीला बोलावणारी सरकारी व्यवस्था होती, चांगली यंत्रं होती, शेवटचा निर्णय डॉक्टरांचा होता आणि पुढचे उपचार मिळणार याची खात्री होती.

आपल्याकडे काय आहे? त्याच राष्ट्रीय पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या होत्या १.९ टक्के. स्तनाची तपासणी झालेल्या ०.९ टक्के. शंभरात एक नाही! यांच्या तपासणीचा फोटो यंत्र वाचणार की माणूस, हा प्रश्न पुढचा. आधी तपासणीच नाही.

यंत्र आणून ठेवलं तरी भोवतालची व्यवस्था नसेल तर काय होतं, हे थायलंडमध्ये दिसलं. मधुमेहामुळे डोळ्याला झालेली इजा ओळखणारं गूगलचं यंत्र तिथल्या ११ दवाखान्यांत बसवलं. प्रयोगशाळेत त्याची कामगिरी उत्तम होती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार नर्सेसनी काढलेल्या १,८३८ फोटोंपैकी २१ टक्के फोटो यंत्रानं नाकारले. खोलीत पुरेसा अंधार नव्हता, फोटो अस्पष्ट होते. इंटरनेट मंद, रांगा मोठ्या. फोटो नाकारला की रुग्णानं दुसऱ्या दिवशी दूरच्या रुग्णालयात जायचं. आपल्या उपकेंद्रात, विजेच्या लपंडावात, एका दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या बाईचं काय होईल ते वेगळं सांगायला नको.

आणि आता मुंबईतली गोष्ट. १९९८ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयानं मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायकांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, लावायचं, थोडं थांबायचं, चांगल्या उजेडात बघायचं. पांढरा डाग उठला तर पुढच्या तपासणीला पाठवायचं. दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या तपासणीमुळे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. या अभ्यासावर टीकाही झाली आणि ती रास्त होती. तुलनेसाठी निवडलेल्या निम्म्या स्त्रियांची तपासणीच केली नव्हती. गरीब बाईला असं प्रयोगाच्या दुसऱ्या पारड्यात बसवणं आपल्याला मान्य होणार नाही. पण त्यातून सिद्ध झालं ते विसरू नका. व्हिनेगर, उजेड आणि नीट शिकवलेली वस्तीतलीच बाई एवढ्यावर जीव वाचले. हे कळून दहा वर्षं होऊन गेली. त्या शिकवलेल्या बाया गावोगाव का दिसत नाहीत? त्यांच्यासाठी पैसा नव्हता आणि यंत्रासाठी आहे, असं कसं?

यंत्र कुणाच्या जागी येणार?

खरा प्रश्न इथे आहे. यंत्र कुणाच्या हाताखाली येणार आणि कुणाच्या जागी येणार? मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात ते डॉक्टरच्या हाताखाली येईल. आपल्या पाड्यावर ते डॉक्टरच्या जागी येईल. श्रीमंताला डॉक्टर अधिक यंत्र, गरिबाला नुसतं यंत्र. "काहीच नसण्यापेक्षा बरं," असं आपले मित्र म्हणतात. पण 'काहीच नाही' हे आभाळातून पडलेलं नाही. डॉक्टरांची पदं भरली नाहीत, उपकेंद्राला कुलूप राहिलं, औषधं आली नाहीत, म्हणून 'काहीच नाही'. ती जबाबदारी फोनमध्ये गुंडाळून आपल्या हातात देऊ नका.

यंत्र गावात वापरायचं म्हणजे फोन कुणाच्या हातात? आशाताईच्या. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये देशातल्या दहा लाखांवर आशांचा गौरव केला, पण आपलं सरकार त्यांना कामगार म्हणायला तयार नाही. ती स्वयंसेविका, तिला पगार नाही, कामागणिक मोबदला. पाडे पालथे घालायचे, रात्री बाळंतिणीबरोबर जायचं आणि वर ॲपमध्ये माहिती भरायची. यंत्राला जी माहिती लागते ती गोळा करणारी हीच. म्हणजे यंत्राला शिकवणारी खरी शिक्षिका आशाताई आणि फीचा धनी कुणी दुसराच. उद्या यंत्रानं चूक केली, बाई दगावली, तर गावकरी जाब कुणाला विचारतील? परदेशातल्या कंपनीला नाही. आशाताईलाच.

शिवाय हातातली विद्या जाते. पोलंडमधल्या चार केंद्रांत मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करताना यंत्राची मदत घ्यायला सुरुवात झाली. यंत्र आल्यावर काही महिन्यांनी त्याच अनुभवी डॉक्टरांच्या यंत्राविना केलेल्या तपासण्या पाहिल्या. धोक्याच्या गाठी पूर्वी २८.४ टक्के तपासण्यांत सापडत, त्या आता २२.४ टक्क्यांत सापडू लागल्या. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या एका अभ्यासावरून शेवटचा शब्द बोलू नये, हे खरं. पण आमच्या नर्सबाईंचा तो पापणी ओढून पाहणारा हात आठवा. तो हात तीस वर्षांत घडला. पुढच्या पिढीतल्या नर्सला तो घडवायची संधी मिळाली नाही, तर ज्या दिवशी फोन चार्ज नसेल त्या दिवशी मावशींचं काय?

आपली गुपितं, आपली संमती

बाईचा केस पेपर म्हणजे तिचं आयुष्य असतं. गर्भपात, लग्नाआधीची गरोदरपणं, एचआयव्ही, मारहाणीच्या खुणा, मूल न होणं. या नोंदी एका बारक्या आकड्याखाली जोडून संगणकात ठेवण्याची व्यवस्था देशभर उभी राहते आहे. आणि सल्ला देणारा फोन कुणाचा? राष्ट्रीय पाहणीत स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या स्त्रिया ५४ टक्के. उरलेल्या नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या फोनवर आपलं दुखणं बोलणार. संध्याकाळी तो फोन ज्याचा त्याच्या हातात. मग ती काय बोलेल?

संमतीचं सोंग कसं घेतलं जातं ते आपल्याला ठाऊक आहे. २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत हजारो मुलींना एचपीव्हीची लस टोचली गेली. खम्मममध्ये वसतिगृहातल्या कित्येक आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर सह्या होत्या वॉर्डनच्या. स्त्री संघटनांनी आवाज उठवला, २०१० मध्ये तो प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीनं त्यावर ताशेरे ओढले. त्या वेळी निदान सुई दिसत होती. आता केस पेपरची माहिती उचलली तर ती कुणाला दिसणारही नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२३ मध्ये आरोग्यातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली. संमती, जबाबदारी, भेदभाव न होणं हे सगळं त्यात आहे. पण तत्त्वं मोडली म्हणून कुणाला दंड होत नाही.

आपलं म्हणणं काय?

१. कोणतंही निदान करणारं यंत्र सरकारी दवाखान्यात आणण्याआधी ते इथल्या स्त्रियांवर तपासावं. निकाल स्त्री-पुरुष वेगळे, आणि वय, वस्ती, जात-जमातीनुसारही वेगळे जाहीर करावेत. नुसती सरासरी आम्हाला नको.

२. माझ्याबाबतचा निर्णय यंत्राच्या मदतीनं होतोय हे मला माझ्या भाषेत सांगावं. नको म्हणण्याचा हक्क असावा आणि नको म्हटलं म्हणून माझे उपचार अडता कामा नयेत.

३. यंत्राच्या चुकीची जबाबदारी ते बनवणाऱ्या कंपनीवर आणि ते बसवणाऱ्या व्यवस्थेवर असावी. आशाताई किंवा नर्सताईवर ती ढकलू नये.

४. यंत्रासाठी एक रुपया द्याल तेव्हा आधी डॉक्टर, नर्स यांची रिकामी पदं भरा. आशांना कामगाराचा दर्जा आणि पगार द्या. माहिती भरण्याच्या कामाचे पैसे वेगळे द्या.

५. आमच्या नोंदी कंपनीला विकायच्या नाहीत. कशासाठी, कुणी, किती काळ वापरल्या याचा हिशोब गावात मांडावा.

६. हे सगळं ठरवणाऱ्या समित्यांवर स्त्री संघटनांच्या आणि आशांच्या प्रतिनिधी हव्यात. शोभेला एक बाई नको.

मैत्रिणींनो, या मागण्या मंत्रालयात नेण्याआधी आपल्या बैठकीत न्या. गावात कुणी असा फोन घेऊन आलं तर पळवून लावू नका आणि भारावूनही जाऊ नका. सतरंजीवर बसवा, चहा द्या आणि विचारा. हे शिकलं कुणाकडून? त्यात बायका किती? आमच्यासारख्या किती? चुकलं तर कुणाला धरायचं? आमचं बोलणं कुठे जातं?

आमच्या मावशींच्या पिशवीत गाठी निघाल्या. पहिल्या खासगी दवाखान्यानं काढूनच टाकू म्हटलं. आम्ही दुसऱ्या डॉक्टरबाईंचं मत घेतलं. औषधांवर रक्तस्राव आटोक्यात आला, लोहाची इंजेक्शनं झाली आणि हिमोग्लोबिन आता दहावर आहे. मावशी अजून खुरपणीला जातात. परवाच्या बैठकीत त्यांना पुन्हा विचारलं, एक ते दहामध्ये त्रास किती? म्हणाल्या, "आता दोन. तेव्हा नऊ होता गं, पण तेव्हा मला कुठं ठावं होतं?"

आपल्या भागात दवाखान्यात, शिबिरात असं यंत्र आलं असेल, त्याचा बरावाईट अनुभव आला असेल, तर आम्हाला लिहून कळवा. लिहिता येत नसेल तर कुणाकडून तरी लिहून घ्या, नावं छापणार नाही. पुढच्या अंकात ते अनुभव एकत्र मांडू. आपली दुखणी इतकी वर्षं कुणी लिहिली नाहीत. ती आता आपणच लिहू या.